पाच हरकती

“नाही, मी येणार नाही,” त्रिशला म्हणाली आणि मी मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं.

दहा मिनिटं होती. तेवढ्यात मला तिचं मन वळवायचं होतं, आणि तेही फ्रेंचमध्ये.

“का नाही?” मी विचारलं.

“खूप लांब आहे.”

“विमानानं एका दिवसात पोचतो आपण.”

“थंडी असते.”

“जाड कोट मिळतात.”

“तू सगळ्याला उत्तर देतोस,” ती म्हणाली.

आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि ती मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली होती. मला हसू आलं. तीही हसली. घड्याळ आपलं पळत राहिलं.

एरवी घरात मी ‘अहो’. कोल्हापुरात आमच्या जैन समाजात अजून बऱ्याच घरांत तसंच आहे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण फ्रेंचच्या परीक्षेची रीत वेगळी होती. बोलण्याच्या परीक्षेच्या दुसऱ्या भागात समोरचा परीक्षक तुमचा मित्र होतो. तुम्हाला एक जाहिरात देतात आणि त्यात जे काही असेल, पोहण्याचा वर्ग म्हणा, सहल म्हणा, त्यासाठी त्या मित्राला राजी करायचं असतं. मित्र हरकती घेतो, तुम्ही त्या खोडून काढता. मित्राला ‘तू’ म्हणायचं. तिथं आदरानं बोललात तर मार्क जातात.

आम्हाला पुण्याच्या परूळेकर मॅडम ऑनलाइन शिकवायच्या. आम्हाला म्हणजे मला आणि आणखी सहा जणांना, सगळे कॅनडाच्या रांगेतले. मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होतो. अडतीस पूर्ण झाली होती. कॅनडाच्या हिशेबात वय वाढलं की पॉइंट कमी होतात, म्हणजे मे महिन्यात माझ्या वाढदिवसाला केकबरोबर पॉइंटही कापले जाणार होते. इंग्रजीचे चांगले पडले होते, शिक्षणाचे, अनुभवाचे होते, तरी एकूण आकडा दरवेळी थोडक्यात हुकायचा. तो फ्रेंचनं भरून निघणार होता. मेच्या आत निघाला तर ठीक, नाहीतर मग वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता.

जायचं हे मी ठरवलं होतं, त्याच्या दीड वर्ष आधी एका रविवारी. त्रिशला घेवडा निवडत बसली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, लॅपटॉपवर आकडे दाखवले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “बरं.” मी ते ‘हो’ धरलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला नाव घातलं.

सप्टेंबरात मॅडम म्हणाल्या, “आता रोज बोलायचा सराव पाहिजे. समोर माणूस पाहिजे. आरशाशी बोलून कुणी पास होत नाही.” साताऱ्याचा एक मुलगा माझ्याबरोबर सराव करणार होता, त्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि त्यानं वर्गच सोडला. मी हताश होऊन बसलो होतो, तेव्हा त्रिशलाच म्हणाली, “मी बसू काय?”

“तुला कुठं येतंय फ्रेंच?”

“दीड वर्ष ऐकतीये की मी पण.”

खरं होतं ते. माझा वर्ग चालायचा तेव्हा ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शाळेची कामं घेऊन बसायची. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. चित्रं कापायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची, आणि मधूनमधून पडद्यावरच्या मॅडमच्या ओठांकडे बघत राहायची. ज्या एका उच्चारानं मला महिनाभर घाम फोडला होता, तो तिनं मला दोन वाक्यांत शिकवला. “ओठ ‘ऊ’ला करा आणि आत जीभ ‘ई’ला ठेवा. आता काढा आवाज.” निघाला. माझ्याच वह्या वाचून ती बोलण्यापुरतं माझ्याइतकं शिकली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बायको हुशार निघाली म्हणून मी ऑफिसात फुशारकी मारली.

आमच्याकडं जेवणं सूर्यास्ताच्या आत होतात. त्यामुळं संध्याकाळ मोकळी. साडेसातला टेबल पुसून आम्ही समोरासमोर बसायचो, आठ वाजता उठायचो. तीन फेऱ्या व्हायच्या. सात वर्षांची मनस्वी आतल्या खोलीत चित्रं रंगवत बसायची. एकदा तिनं शेजारच्या कुलकर्णी काकूंना सांगितलं, “आमचे आई-बाबा रोज साडेसातला भांडतात आणि घंटा वाजली की थांबतात.” काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, तेव्हा कुठं उलगडा झाला.

जाहिराती मी शोधून आणायचो, पहिली परदेशी सहलीची होती, पण आठवडाभरात त्याचा कंटाळा आला. पोहण्याचा वर्ग घेऊन किती बोलणार? मग मी म्हटलं, एकच विषय धरू: कॅनडाला चल. म्हणजे शब्दही पुढं उपयोगाचे होतील. त्रिशला ‘बरं’ म्हणाली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हणाली, “तुझी आई मला तिथंही रोज फोन करून विचारेल, आज काय काय केलंस म्हणून.”

माझी आई जयसिंगपूरला भावाकडं असायची आणि रोज सकाळी फोन करायची, हे खरं होतं. पण ते ऐकून माझं डोकं सटकलं. मी मराठीवर आलो. “आईला मध्ये का आणतीस?”

“हरकत घेतली हो.”

“मग दुसरी घे की.”

पुढचे आठ-दहा दिवस थंडी, लांबचा प्रवास, विमानाची भीती एवढ्यावरच गाडी फिरत राहिली. मी सटासट उत्तरं द्यायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. ऑक्टोबरात मॅडमनी आमच्या सरावाचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं. ऐकून म्हणाल्या, “मगदूम, तुमची मैत्रीण फार लवकर ऐकते हो. परीक्षेत असं कुणी नसतं. हरकती खऱ्या वाटल्या पाहिजेत, तरच तुम्हाला बोलायला लागेल. कमीत कमी पाच, आणि जोरदार. आणि शेवटी तिनं ‘ठीक आहे, पटलं मला’ म्हणायचं, म्हणजे तुम्हालाही आत्मविश्वास येईल.”

त्याच संध्याकाळी मी नियम केला. तो मी केला, हे सांगणं भाग आहे. साडेसात ते आठ फक्त फ्रेंच. त्या वेळात ती काहीही बोलू शकते, आईला, मला, कुणालाही. मी मनावर घ्यायचं नाही आणि आठनंतर तो विषय काढायचा नाही. तिथं बोललेलं तिथंच. शेवटी ‘पटलं मला’.

“कायपण चालंल?” तिनं विचारलं.

“कायपण. पण खरं वाटलं पाहिजे.”

“बघा हं.”

“अगं, माझ्या मार्कांचा प्रश्न आहे.”

दुसऱ्या दिवसापासून सरावाला धार आली. आमची बोलणी मी इथं मराठीत सांगतोय. आमचं फ्रेंच साधंच होतं, लहान मुलांच्या पुस्तकासारखी छोटी छोटी वाक्यं. आडवळणानं बोलायला लागणारे शब्दच आमच्याकडं नव्हते.

“तिथं हिवाळ्यात सूर्य साडेचारला मावळतो,” ती म्हणाली. “मी तेव्हा कामावर असेन. मी जेवू कधी?”

“उन्हाळ्यात नऊला मावळतो. दोन्ही मिळून सरासरी बरोबर होते.”

“मी हिवाळाभर उपाशी राहू आणि उन्हाळ्यात दोनदा जेवू?”

मला हसू आवरेना. ते उत्तर मी वहीत उतरून घेतलं, तिचंही आणि माझंही. माझ्या वहीत डाव्या पानावर तिच्या हरकती असायच्या आणि उजव्या पानावर माझी उत्तरं, ठळक शाईनं.

“कर्णबधिर मुलं तिथंही आहेत,” एकदा मी म्हणालो. “तू तिथंही शिकवशील.”

“त्यांची खुणांची भाषा वेगळी आहे. मी वर्गात उभी राहीन आणि मला काही कळणार नाही. मुलं बोलतील आणि बहिरी मी असेन.”

“शिकशील. तू हुशार आहेस.”

“मी एकोणचाळिसाव्या वर्षी ती भाषा शिकेन. मग ते मला कागद मागतील. मग परीक्षा. मग मी पंचेचाळीस वर्षांची असेन.”

“पंचेचाळीस हे काही वय नाही.”

“मग तुला तुझ्या मे महिन्याची एवढी घाई का आहे?”

याला उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. मॅडमना विचारून घेतलं. मॅडम म्हणाल्या, मैत्रीण तयारीची आहे हो तुमची.

डिसेंबरात आमच्या बोलण्यात सबा आली. सबा म्हणजे तिच्या वर्गातली आठ वर्षांची मुलगी. त्रिशला तिला ‘प’ शिकवत होती. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, ‘प’ नीट आला की कागद हलतो. आवाज ऐकू येत नसला तरी कागद हललेला दिसतो. हे सगळं मला त्या अर्ध्या तासात कळलं. आठनंतर शाळेचं काही मी विचारायचो नाही आणि ती सांगायची नाही.

“सबाचा कागद आता कुठे हलायला लागला आहे,” ती म्हणाली. “मी गेले तर तो थांबेल.”

“दुसऱ्या बाई येतील.”

“माझ्या आधीच्या बाई गेल्या तेव्हा चौदा महिने कुणी आलं नव्हतं. सबाची मोठी बहीण त्या चौदा महिन्यांत शाळेत होती. ती आज काही बोलत नाही.”

“मुलं लवकर शिकतात. आपली मनस्वी बघ, तिला तिथं किती संधी मिळतील.”

“तू सबाबद्दल विचारल्यावर मनस्वीबद्दल बोलतोस.”

“विषय बदलणं हीसुद्धा एक कला आहे,” मी म्हणालो, आणि तेवढ्यात घड्याळ वाजलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “पटलं मला.” आणि उठून पाणी प्यायला गेली.

माझं धंद्याचं काम काय, तर ओतीव नग हातोडीनं ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. आत पोकळी असली की आवाज बद्द येतो. बाहेरून नग चकाचक दिसतो, मी ठोकून बाजूला काढतो. सतरा वर्षं मी तेच करत होतो, कान तयार झाला होता माझा. आणि घरी रोज अर्धा तास समोर बसून मला काही ऐकू आलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदोनदा आलंही. पण मग मी वही बघायचो. डावं पान, उजवं पान, आणि सगळ्याला उत्तर दिलेलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली एक फेरी मला शब्दशः आठवते. चार हरकती झाल्या होत्या. पाचवी राहिली होती.

“मला कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली.

मी क्षणात उत्तर दिलं. “मी आत्ता विचारतोय की!”

असं चटकन सुचलेलं मला फार आवडलं. मी टाळी वाजवली. ती म्हणाली, “ठीक आहे. पटलं मला.” त्या दिवशी घड्याळात चार मिनिटं शिल्लक राहिली होती.

फेब्रुवारीत पुण्याच्या केंद्रावर परीक्षा झाली. सकाळी वाचायचं, ऐकायचं, लिहायचं संपलं आणि दुपारी बोलायला आत बोलावलं. टेबलापलीकडं पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. जाहिरात अशी होती की, एका छोट्या गावात माणसं कमी झालीत, तिथं राहायला येणाऱ्या कुटुंबांना गावकरी घर द्यायला तयार आहेत. मित्राला तुमच्याबरोबर तिथं राहायला यायला राजी करा.

माझ्या मनात लाडू फुटले. पाच महिने मी दुसरं काय करत होतो?

“छे, मी नाही येणार,” बाई म्हणाल्या. “फार लांब आहे ते.”

मी सुरुवात केली. भाषा अशी वाहत होती की मलाच नवल वाटत होतं. बाई म्हणाल्या, मला शहराची सवय आहे. मी खोडून काढलं. म्हणाल्या, तिथं करमणूक काय? तेही खोडलं. म्हणाल्या, माझे मित्र इथं आहेत. त्याला माझ्याकडं तीन उत्तरं होती, मी तिन्ही दिली.

आणि बोलता बोलता मला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मी पुढच्या हरकतीची वाट बघत होतो, खऱ्या हरकतीची. मला वाटत होतं, आता बाई एखादं नाव घेतील. म्हणतील, अमक्या मुलीचा कागद आता कुठं हलायला लागलाय. म्हणतील, मी जेवू कधी? पण बाईंच्या हरकती रेल्वेच्या तिकिटावरच्या सूचनांसारख्या होत्या, कुणालाही लागू पडणाऱ्या. ‘मित्र’ म्हणाल्या, त्यातल्या एकालाही नाव नव्हतं. खोट्या हरकती अशा असतात तर.

मग माझ्या घरी पाच महिने काय चाललं होतं?

माझं तोंड बोलतच होतं. वाक्यं बरोबर येत होती. बाईंनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, “धन्यवाद, वेळ संपली.” पटलं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. परीक्षक तसं बोलत नाहीत.

कोल्हापूरच्या गाडीत मी ठरवलं, आज गेल्या गेल्या विचारायचं. दारातच त्रिशलानं विचारलं, “कसा गेला ओ पेपर?” मी म्हणालो, “झकास.” ती म्हणाली, “चला, सुटलात.” आणि मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, ही मला भीती होती. निकाल तर लागू दे, म्हटलं. निकाल लागला, बोलण्यात सगळ्यांत जास्त मार्क. आता कॅनडाकडनं अर्ज भरायचं बोलावणं तर येऊ दे, म्हटलं. असे दोन महिने मी सगळं माहीत असून घालवले. साडेसातला टेबल पुसून झालं की ती चित्रं कापायला बसायची आणि मी मोबाइल बघायचो. त्या अर्ध्या तासात आम्हाला एकमेकांशी बोलायला काही उरलं नव्हतं.

एप्रिलच्या बारा तारखेला बोलावणं आलं. वाढदिवसाला अजून महिना होता. मी चारलाच घरी आलो, पेढे घेऊन. आईला फोन केला, तिनं देवापुढं दिवा लावला. मनस्वी नाचली. त्रिशलानं पेढा खाल्ला आणि म्हणाली, “बरं झालं. लई कष्ट घेतलात तुम्ही.”

जेवणं झाली. टेबल पुसून मी लॅपटॉप उघडला. साठ दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा होता. पहिल्याच पानांत प्रश्न होता: पत्नी बरोबर येणार आहे काय? हो किंवा नाही. ती समोर पुठ्ठा कापत बसली होती. माझा हात ‘हो’वर गेला आणि तिथंच थांबला.

“त्रिशला,” मी म्हणालो, “तुला यायचंय का?”

कात्री थांबली. तिनं उठून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसली.

“आज विचारताय व्हय,” ती म्हणाली.

“ते सगळं तू खरं बोलत होतीस?”

“आधी नव्हते बोलत. थंडी असते, लांब आहे, ते सगळं तुमच्या वहीतलंच होतं. तवा विचारलं असतंत तर आले असते ओ मी. कुरकुर केली असती, पण आले असते.”

“मग नंतर काय झालं?”

“तुम्ही म्हणालात, हरकती खऱ्या पायजेत. रोज पाच. मग मी शोधायला लागले. भांडी घासताना शोधायची, शाळेच्या बसमध्ये शोधायची, आज काय सांगू, आज काय सांगू. आणि सापडत गेल्या की. मला पण ठाऊक नव्हतं एवढ्या असतील म्हणून.”

“पण शेवटी तू रोज म्हणायचीस, पटलं मला.”

“तो नियम होता न्हवं?”

मी म्हणालो, “मग आठनंतर एकदा तरी मराठीत सांगायचंस.”

“विषय काढायचा न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलावता.” ती रागानं बोलत नव्हती. वर्गात समजावून सांगावं तसं सांगत होती. “आणि मला ते येतच नव्हतं ओ. लग्न ठरलं तवा माझ्या वडलांना बरं म्हटलं. लग्नानंतर तुमच्या घरचे बी.एड. सोड म्हणाले, बरं म्हटलं. उजळाईवाडीला फ्लॅट घेतला, तुम्ही बघून आलात, मी बरं म्हटलं. नको म्हणायला मी कधी शिकलेच नव्हते. तुम्ही पाच महिने रोज अर्धा तास माझ्याकडनं त्याचा सराव करून घेतलात. आता येतंय मला.”

“नको,” ती मराठीत म्हणाली. “मला नाही यायचं.”

मग मी तिला पटवायला लागलो. ते सांगताना आजही लाज वाटते. मनस्वीची शाळा, हवा, रस्ते, म्हातारपण, सगळं मी पुन्हा सांगितलं, उजव्या पानावरचं एकूण एक. अर्धा तास, तास, मी बोलत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर तिनं पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करून डब्यात भरले आणि ती मनस्वीला झोपवायला गेली.

नंतरच्या दिवसांत मी तिच्या भावाला मध्ये घातलं. आईनं जयसिंगपुराहून येऊन आठ दिवस मुक्काम केला. त्रिशला सगळ्यांना चहा देत होती आणि नको म्हणत होती. मला म्हणाली, “तुम्ही जावा. मी अडवत नाही.” एकट्यानं जायची सोय फॉर्मवर होती. ते पान मी दोनदा उघडून बघितलं आणि दोन्ही वेळा बंद केलं. प्रेमापोटी राहिलो असं मी म्हणणार नाही. एकट्यानं जायची मला छाती झाली नाही, एवढंच खरं आहे. जूनच्या अकरा तारखेला मुदत संपली. नकार कळवायलाही लागला नाही, अर्ज आपोआप बंद पडला. मला तिचा राग आला होता आणि तो वर्षभर गेला नाही.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. मागच्या माघात इचलकरंजीला चुलतभावाच्या घराची वास्तुशांत होती. ऊन असतानाच पंगत बसली. चुलतभाऊ वाढत वाढत आमच्यापर्यंत आला आणि मला म्हणाला, “काय रे भरत्या, तुझं ते कॅनडाचं काय झालं? लई फ्रेंच फाडत होतास.”

“पॉइंट कमी पडले,” मी म्हणालो. गेली सहा वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आलो होतो.

शेजारी त्रिशला भात कालवत होती. समोरच्या पंगतीत आई, मावशा, माझ्या वहिनी, निम्मी भावकी बसली होती.

“पॉइंट बसले होते,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मी नको म्हटलं.”

आईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. त्रिशलानंही आईकडं बघितलं, नजर न काढता, आणि मग चुलतभावाला म्हणाली, “भावजी, कढी वाढा की जरा.”